एफआयआर रद्द करायला सोलापुरात वकील शोधत असाल तर आमचा अनुभव वाचा

वकिलांना जाहिरात करता येत नाही म्हणून नाव टाकत नाही, पण कोर्टाजवळ ऑफिस असलेल्या या वकील मॅडमनी आमच्या घरावरचं मोठं ओझं उतरवलं.

धाकट्या भावावर कॉलेजला असताना मारामारीची केस झालेली, जुन्या आयपीसीची (भारतीय दंड संहिता) कलमं ३२४ (हत्यारानं दुखापत) आणि ५०४ (मुद्दाम अपमान). समोरच्या पोराशी कधीच मिटलं होतं, दोघं आता एकत्र चहा पितात, पण नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी आली की गाडी तिथंच अडायची. एक एजंट म्हणाला पैसे द्या, रेकॉर्ड गायब करतो. मॅडमनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं, असं काही नसतंय, अठराच्या पुढच्या माणसाचं रेकॉर्ड सील करायचा वेगळा कायदाच आपल्याकडे नाही. अठराच्या आतलं पोरगं असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ आहे, त्यात ठरावीक मुदतीनंतर रेकॉर्ड नष्ट करतात (सोळाच्या पुढचा असून घृणास्पद गुन्हा सिद्ध झाला असेल तर वेगळं). भाऊ तेव्हा एकोणीसचा, मग रस्ता एकच, हायकोर्टात जाऊन एफआयआरच रद्द करून घ्यायची.

कारण ३२४ खालच्या कोर्टात तडजोडीनं मिटत नाही. आधी सीआरपीसीचं (जुना फौजदारी प्रक्रिया कायदा) ४८२ म्हणायचे ते आता बीएनएसएसचं (नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ५२८, त्याखाली अर्ज आणि सोबत फिर्यादीचं संमतीचं प्रतिज्ञापत्र. खून, बलात्कार, दरोडा असल्या गुन्ह्यात समझोता चालत नाही हेही त्यांनी सांगितलं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्यातच येतोय, त्यामुळे सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून मुंबई गाठायची, तिथं राहायचा खर्च करायचा हे सगळं वाचलं, फिर्यादी पोरगा पण आमच्याच गाडीत बसून सांगोला-मिरज मार्गे आला.

मला सगळ्यात आवडलं ते ऑर्डर झाल्यानंतरचं काम. बरेच वकील इथं हात झटकतात. ऑर्डर झाली म्हणून पोलिसांच्या कॉम्प्युटरवरची नोंद आपोआप बदलेलच असं नाही, म्हणून मॅडमनी सर्टिफाइड कॉपी काढून पोलीस ठाण्यात आणि आयुक्तालयात अर्जासोबत द्यायला लावली, पोच घ्यायला लावली. आणि भावाला बजावलं, फॉर्ममध्ये विचारलं तर लपवायचं नाही, गुन्हा होता आणि रद्द झाला असं लिहून ऑर्डर जोडायची. अवतार सिंग केसमध्ये २०१६ ला सुप्रीम कोर्टानं माहिती लपवण्यावरच सगळं सांगितलंय म्हणे, किरकोळ जुनी केस असेल तर मालक तिकडं दुर्लक्ष करू शकतो, पण खोटं लिहिलं तर नोकरी जाऊ शकते.

फी आधीच सांगतात, पावती देतात. दुपारी कोर्टात असतात म्हणून फोन लागत नाही, संध्याकाळी जावा, गर्दी असतेच. जाताना एफआयआर आणि चार्जशीटची झेरॉक्स न्या, आणि जमलं तर फिर्यादीला पण सोबत न्या, त्याच्याशी त्या स्वतः बोलतात, दबाव टाकून सही घेतली नाही ना हे विचारतात.