‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ घ्यावा की ‘शोगुन २’?

सामुराईंवरचा एकच व्हिडिओ गेम विकत घ्यायचा असेल, तर ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ आणि ‘टोटल वॉर: शोगुन २’ ही दोन नावे हमखास पुढे येतात. पहिल्यात खेळाडूच्या हाती एक योद्धा येतो आणि दुसऱ्यात अख्खे घराणे. निवड मुख्यतः यावरच करावी.

‘त्सुशिमा’ हा २०२० सालचा खेळ आहे. १२७४ मध्ये मंगोलांनी त्सुशिमा या जपानी बेटावर केलेली स्वारी खरी, नायक जिन साकाई मात्र काल्पनिक. त्यातील समोरासमोरच्या आव्हानाला तोड नाही. जिन तलवारीच्या मुठीवर हात ठेवून उभा राहतो, आपण बटण दाबून धरायचे, शत्रूने हूल दिली तरी बोट हलू द्यायचे नाही आणि तो खरोखर झेपावला की त्याच क्षणी बटण सोडायचे. वेळ साधली तर एका घावात तो आडवा होतो. पुढे जिनला गनिमी कावा पत्करावा लागतो आणि ज्या मामा शिमुरांनी त्याला सामुराईच्या रीतीत वाढवले, त्यांच्याशीच त्याचे बिनसते. ही कथा मनाला भिडते. इतिहासाचा काटेकोरपणा मात्र येथे शोधू नये, कारण जिन रचतो ते हायकू कितीतरी शतकांनंतरचे आहेत.

‘शोगुन २’ २०११ सालचा असून त्याची मोहीम १५४५ मध्ये, सरदार घराण्यांच्या यादवीत सुरू होते. वर्षाला ऋतूंप्रमाणे चार डाव मिळतात, हिवाळ्यात परक्या मुलखात अडकलेले सैन्य झिजते, आणि लढाई मैदानावर उतरून स्वतः लढवता येते. स्वस्तातले भालाईत नीट रांगेत उभे केले, तर तेच महागड्या घोडदळाला रोखतात, हे पाहण्यात वेगळाच आनंद आहे. खरी परीक्षा पुढे येते: तुमचा दबदबा फार वाढला की शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, तुम्हाला शत्रू ठरवतो आणि कालचे मित्रही एकेक करून उलटतात. पहिल्या खेपेस माझा व्यापार असाच बुडाला, खजिना रिता झाला आणि सारी मोहीम हातची गेली. तरीही त्या काळच्या राजकारणातील असुरक्षितता इतक्या प्रत्ययकारी रीतीने मी दुसऱ्या कोणत्याही खेळात अनुभवलेली नाही. वेढे मात्र एकसुरी वाटतात, कारण कोणतीही तुकडी भिंत चढून आत शिरू शकते.

‘त्सुशिमा’ प्लेस्टेशन ४ व ५ वर चालतो. २०२४ पासून तो संगणकावरही आहे, पण त्याला सुमारे ७५ जीबी जागा आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागते. ‘शोगुन २’ प्लेस्टेशनवर मिळत नाही, मात्र जुन्या संगणकावरही निभावतो.

रोज तासभरच मिळत असेल, तर ‘त्सुशिमा’ घ्यावा. सबंध रविवार नकाशासमोर घालवण्याची तयारी असेल, तर माझे मत निःसंशय ‘शोगुन २’ला आहे, सुरुवात चोसोकाबे घराण्याने करावी, कारण शिकोकू बेटावर चहूकडून समुद्राचे संरक्षण आहे, आणि राजधानी क्योटोकडे वळण्याआधी खजिना भरून ठेवावा.