एकच मोठा प्रायोजक की पंधरा छोटे?

गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामागे केंद्र आणि राज्य सरकार उभं असतं, पुण्याच्या पिफ या चित्रपट महोत्सवाला राज्य शासनाची साथ आहे. कॉलेजच्या दोन दिवसांच्या चित्रपट महोत्सवाला दीड लाखही दारोदार फिरून उभे करावे लागतात.

मोठी कंपनी म्हणजे एकच करार. पण शाखेतला होकार शेवटचा नसतो, मंजुरी मुख्य कार्यालयातून येते. म्हणून तीन-चार महिने आधी जा. खरी अडचण पुढे आहे: पैसे बहुधा कार्यक्रमानंतर, बिल आणि फोटो पाहून मिळतात, आणि सभागृहाची अनामत मात्र आधीच भरायची असते. निम्मी रक्कम आगाऊ, हे करारातच लिहून घ्या. ऐनवेळी कंपनीने माघार घेतली, तर सगळाच डोलारा कोसळतो.

छोट्यांचं उलट. झेरॉक्सवाला, क्लासवाले, कॅफे यांचा निर्णय गल्ल्यावरच होतो. दहा हजारांचे पंधरा मिळाले की काम झालं. एक गळाला तरी महोत्सव होतो. चपला मात्र झिजतात. कॅमेरा भाड्याने देणाऱ्याकडून रोख मागूच नका, प्रोजेक्टर मागा. दोन स्पर्धक क्लास घेताना दोघांनाही एकमेकांबद्दल आधी सांगा.

पंधरा लोगो पाच-पाच सेकंद दाखवले तर प्रत्येक खेळाआधी सव्वा मिनिट जातं, प्रेक्षक कंटाळतात. खेळागणिक तीनच दाखवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला लोगो फ्लेक्सवर धूसर दिसतो, मूळ पीडीएफ मागा.

पहिल्या वर्षी छोटेच बरे. तेव्हा प्रत्येक खेळाची प्रेक्षकसंख्या वहीत नोंदवा. दुसऱ्या वर्षी मोठी कंपनी पहिल्यांदा तीच विचारते.