डॉ. स्क्रॅच वर्षभर वापरल्यावर: २१ पैकी किती, हे मुलांना सांगू नका

वर्गात चाळीस मुलं आणि हातात एक तासिका असली की प्रत्येक प्रकल्प उघडून वाचणं होत नाही. स्क्रॅच म्हणजे ब्लॉक जोडून खेळ बनवायची मुलांची प्रोग्रॅमिंग भाषा, आणि डॉ. स्क्रॅच म्हणजे त्यातले प्रकल्प आपोआप तपासणारी वेबसाइट. तिच्या मूळ गुणपद्धतीत फाइल टाकली की सात निकषांवर प्रत्येकी ३, असे २१ पैकी गुण लगेच मिळतात. सुरुवातीला हेच गुण मुलांना सांगितले. तिथेच चुकलं.

ब्लॉक वापरलाय का, एवढंच हे गुण बघतात. तो नीट चालतो का, हे बघत नाहीत. तर्काच्या निकषात नुसत्या 'इफ'ला (जर) १, 'इफ-एल्स'ला (जर-नाहीतर) २ आणि 'अँड', 'ऑर' किंवा 'नॉट' दिसला की थेट ३. 'इफ'मध्ये तीच अट 'अँड' लावून दोनदा बसवा, १ चे ३ होतात. खेळात काडीचाही फरक पडत नाही. मुलं ही युक्ती पटकन हेरतात आणि मग खेळ सोडून गुणांच्या मागे लागतात. शिकवण्याच्या दृष्टीने हे फार वाईट.

उलट खरी चूक निसटते. भुलभुलैयात मांजर भिंतीतून आरपार जातं, कारण 'इफ' खेळ सुरू करणाऱ्या हिरव्या झेंड्याच्या ब्लॉकखाली नुसताच, लूपशिवाय लावलेला आहे आणि अट सुरुवातीला एकदाच तपासली जाते. तर्काचा १ गुण मात्र मिळतो! इथे 'फॉरएव्हर (सतत फिरणारा लूप) लाव' म्हणू नये. 'भिंतीला लागलास का, हे मांजराला किती वेळा विचारलं जातं?' असं विचारावं. 'फॉरएव्हर' लावल्यावर पुढची अडचण येते ती सफरचंदाच्या खेळात: सफरचंदाला एकदा स्पर्श झाला की खेळातले गुण भराभर वाढतात, कारण स्पर्श टिकेपर्यंत तो लूप सेकंदाला साधारण ३० वेळा फिरतो. गुण वाढवल्यावर सफरचंद लगेच दुसरीकडे हलवायचं.

तरीही साधन सोडलेलं नाही. डॉ. स्क्रॅच गुणांसोबत वाईट सवयींची यादी देतं, ती आधी दुर्लक्षिली होती, आता तीच आधी उघडते. पात्रांची 'स्प्राइट१' अशी न बदललेली नावं, दोनदा लिहिलेल्या स्क्रिप्ट (ब्लॉकच्या माळा), कधीच न चालणारे ब्लॉक. फक्त हे सुटे ब्लॉक पुसायला सांगण्याआधी मुलाला विचारा. बऱ्याचदा ती अर्धी राहिलेली कल्पना असते.

शेरा वहीत लिहू नका. चुकलेल्या ब्लॉकवर राइट क्लिक करून 'ॲड कॉमेंट'मध्ये एकच प्रश्न लिहा. तो फाइलसोबत सेव्ह होतो आणि कुठे बघायचं ते मुलाला शोधावं लागत नाही.