यादी मीच दिली होती

या फसवणुकीत किती गेले ते आधीच सांगून टाकतो: ९,८०० रुपये. त्यातले ६,८०० जुन्या मराठी चित्रपटांच्या डीव्हीडींचे. उरलेले ३,००० ते पैसे परत घेताना गेले. हा दुसरा आकडा सांगायची जास्त लाज वाटते.

आमचं गाव आर्णी तालुक्यात, अरुणावतीपासून कोसभर. घरात दोन कपाटं डिस्कनी भरलेली. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीच्या व्हीसीडी २८ रुपयांना मिळू लागल्या. तेव्हा यवतमाळच्या बसस्टँडवर एसटीची वाट पाहता पाहता हा नाद लागला, तो सुटला नाही. पोरगा पुण्यात असतो. तो म्हणतो, “बाबा, आता डिस्क कोन घेते? फोनवर सगळं येते.” सगळं येत नाही. जे येतं तेही राहत नाही; कंपन्यांचा करार संपला की वर्गणी भरूनही चित्रपट तिथून उठतो. शिवाय आमच्याकडे दोन थेंब पडले की टॉवर मान टाकतो. डिस्क पाहायला नुसता इन्व्हर्टर पुरतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कापसाचा चुकारा हाती आला होता. जुन्या चित्रपटांच्या शौकिनांचा एक ग्रुप फोनवर आहे, त्यात मी प्रभात फिल्म कंपनीच्या बारा चित्रपटांची यादी टाकली: हे डिस्कवर कुणाकडे असतील तर सांगा, योग्य किंमत देईन. यादी रात्री, दिवे गेलेले असताना केली. ‘शेजारी’ दोनदा लिहिला गेला, चौथ्या नंबरला आणि नवव्याला. म्हणजे चित्रपट अकराच. हे मला बऱ्याच उशिरा दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकाचा मेसेज. नागपूरला सीताबर्डीवर दुकान होतं म्हणे, आता बंद केलं, माल पडून आहे. मी फोन लावला.

“काकाजी, तुमच्या यादीतले बाराच्या बारा आहेत. सीलबंद.”

“‘सैरंध्री’ही?”

“आहे ना जी. रंगीत. एकदम क्लिअर. शेवटचा पीस.”

इथे मी थांबायला हवं होतं. ‘सैरंध्री’ १९३३ चा. प्रभातने त्याची रंगाची प्रक्रिया जर्मनीतून करून आणली होती आणि रंग काही जमले नव्हते, हे मीच गावातल्या पोरांना दहा वेळा सांगितलेलं आहे. ज्या चित्रपटाचे रंग त्या काळीच बिघडले, तो याच्याकडे ‘एकदम क्लिअर’! पण हव्यास असा असतो की समोरचा अर्धं बोलतो आणि उरलेलं आपणच भरून घेतो. मला वाटलं, कुणी नीट करून घेतला असेल.

त्याने व्हिडिओ पाठवला. झगझगीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला डबा, हाताने फिरवून दाखवलेला. मी म्हटलं, एक डिस्क काढून मागची बाजू दाखवा. तर म्हणाला, “सील तुटते ना काकाजी, मग तुमीच म्हणसान वापरलेला माल देल्ला.” बिनतोड उत्तर. आता कळतं की सगळी कारागिरी त्या सीलमध्येच होती. सील आहे म्हणून कुणी उघडत नाही, आणि उघडत नाही तोवर आत काय आहे ते कुणाला कळत नाही. तसं प्लॅस्टिक बाजारात मीटरवर मिळतं आणि केस वाळवायच्या यंत्राने घट्ट बसतं.

अर्धे, म्हणजे ३,४०० रुपये, फोनवरून आगाऊ. उरलेले व्हीपीने, म्हणजे पार्सल हाती घेताना पोस्टाकडे भरायचे. व्हीपी म्हटल्यावर मी निर्धास्त झालो, कारण सरकारी पोस्ट मधे होतं. पार्सल आलं तेव्हा डाकसेवकाला म्हटलं, जरा फोडून पाहू दे. तो बिचारा म्हणाला, “आधी पैसे काकाजी, मग पार्सल. आमाले तसंच आहे.” चूक त्याची नाही. व्हीपीत पोस्ट पैशाची हमी देतं, मालाची नाही.

रात्री जेवणं झाल्यावर पहिला डबा उघडला, ‘संत तुकाराम’. डिस्क उलटी केली आणि पोटात खड्डा पडला. खालची बाजू जांभळी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कारखान्यात साच्यातून दाबून काढलेल्या डीव्हीडीची खालची बाजू चांदीसारखी असते. घरच्या संगणकावर लिहिलेल्या कोऱ्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, म्हणून ती जांभळट किंवा निळसर दिसते. उजेडात तिरपी धरली तर लिहिलेला भाग कुठे संपला ती कडही दिसते. वर छापील चित्राच्या जागी कागदी स्टिकर होतं, मधल्या छिद्रापाशी जरा सुटलेलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. असलं स्टिकर फुगतं आणि डिस्क प्लेअरमध्ये थरथरते.

तरी लावली. चित्र धुरकट. अभंग सुरू झाला, तुकोबा डोळे मिटून तल्लीन, आणि उजव्या कोपऱ्यात एक पिवळी घंटी हलायला लागली. कुणाच्या तरी चॅनेलची. फुकटात नेटवर असलेला चित्रपट उतरवून त्याने डिस्कवर मारला होता, ती घंटीसुद्धा न पुसता. संगणकात टाकून पाहिली तर ४.७ जीबीच्या डिस्कवर अख्खा चित्रपट ६९० एमबीचा. व्हीसीडीच्या दर्जाचा माल, डीव्हीडीच्या डब्यात.

बायको पाठीमागून म्हणाली, “हे घंटी वाजोयाले सात हजार देल्ले का?”

‘शेजारी’ लावला. १९४१ चा हा चित्रपट प्रभातने मराठीत आणि हिंदीत वेगवेगळा केला, हिंदीत ‘पडोसी’. मिर्झाची भूमिका दोन्हींत गजानन जागीरदारांचीच आहे. पण मराठीत त्यांचा हिंदू शेजारी केशवराव दाते, तर हिंदीत मझहर खान. मी दात्यांची वाट पाहत बसलो आणि पडद्यावर आले मझहर खान. मराठी वेष्टनात हिंदी चित्रपट. मग नवव्या नंबरचा डबा उघडला. तोही ‘शेजारी’. तेव्हा मी माझी यादी काढून वाचली. बाराच्या बारा आहेत, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं ते अकरा चित्रपटांबद्दल. त्याने यादी वाचलीच नव्हती, तो फक्त मोजत होता. ‘सैरंध्री’च्या डब्यात कोरी डिस्क होती, हेही ओघाने आलंच.

भिंग घेऊन वेष्टन पाहिलं. कॉपीराइट कायद्याच्या ५२-अ कलमाप्रमाणे असल्या डब्यावर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, व्हिडिओ काढणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्क असणाऱ्याचं नाव-पत्ता आणि परवानगी घेतल्याचं निवेदन असावं लागतं. इथे नाव-पत्ता कुठेच नाही. प्रमाणपत्राचा चौकोन मात्र होता, आणि त्यात नाव भलत्याच हिंदी चित्रपटाचं. बाराही डब्यांवर तेच एक प्रमाणपत्र! विकत घेण्याआधी वेष्टनाच्या मागच्या बाजूचा जवळून काढलेला एक फोटो मागितला असता तर ६,८०० वाचले असते. सीलला हात न लावता हे दिसतं.

फोन केला. वाटलं होतं उचलणार नाही. उचलला, वर माफीही मागितली. “पोऱ्यानं चुकीचा माल भरला काकाजी. पैसे वापस करतो. क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, तीन-तीन हजारानं येईन.” मी स्कॅन केलं. फोनने पिन मागितला. रागात आणि सुटलो या आनंदात होतो, दिला. तीन हजार आले नाहीत, गेले. आपल्याकडे पैसे यायचे असतील तर ना स्कॅन लागतं ना पिन, हे बँकेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि मी दर महिन्याला त्या भिंतीला टेकून उभा असतो. तो म्हणाला, चुकून झालं, आता दुसरा स्कॅन करा. तेव्हा कुठे फोन ठेवला.

सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, १९३० या नंबरवर तक्रार केली, पण नऊ दिवसांनी. आधी पोराला सांगायची लाज, मग तो रागावला म्हणून दोन दिवस अबोला. तिथे पहिलाच प्रश्न विचारतात, पैसे कधी गेले? लगेच कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम अडवून ठेवता येते. माझी कधीच पुढे सरकली होती. ज्यांचे आत्ता जातील त्यांनी घरच्यांशी नंतर भांडावं, आधी तो नंबर फिरवावा.

डिस्क ज्वारीवर दोरीला बांधल्या. पाखरं दोन दिवस भ्याली.

जूनमध्ये पेरणीच्या गडबडीत दुसऱ्याच एका ग्रुपात जाहिरात दिसली. ‘दुकान बंद केले, प्रभातचा सीलबंद संच, मोजकेच नग.’ नाव वेगळं, नंबर वेगळा. खाली बारा चित्रपटांची यादी, माझ्याच क्रमाने. चौथा ‘शेजारी’, नववा ‘शेजारी’. खाली सतरा जणांनी भाव विचारलेला.

मी लिहिलं, “भाऊ, चार आणि नऊ एकच आहे.” पाच मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं. म्हणून हे इथे लिहिलं.