मदतनिधी उभारताना : ऐच्छिक देणगी की सक्तीची वर्गणी?

सोलापुरातील एखादी गृहसंस्था, व्यापारी मंडळ किंवा पेठेतील मंडळ गरजूंसाठी मदतनिधी उभारायला बसले की पहिल्याच बैठकीत गाडी एका प्रश्नावर अडते : प्रत्येकाकडून ठरावीक रक्कम घ्यायची, की ज्याने त्याने इच्छेप्रमाणे द्यायचे? आमच्या पेठेतील अशा निधीचा हिशोब मी काही वर्षे सांभाळला आणि त्या काळात दोन्ही पद्धती राबवून पाहिल्या. येत्या सभेत ज्यांना हात वर करायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

ऐच्छिक दानाची परंपरा या शहराला नवी नाही. सिद्धरामेश्वरांच्या या भूमीत शरणांनी, म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतल्या संतांनी, कायक आणि दासोह असे दोन शब्द रुजवले : कष्टाने कमवावे आणि त्यातले समाजाला अर्पण करावे. आजही अक्कलकोटचे अन्नछत्र भाविकांच्या देणग्यांवर चालते आणि तिथे रोज हजारोंची पंगत उठते. मनापासून देणारा माणूस पैशाबरोबर आपला वेळ आणि ओळखीही देतो, आणि दिलेल्या पैशाचे पुढे काय झाले याची चौकशीही तोच करतो.

अडचण आहे ती वेळेची. आमच्या पावतीपुस्तकाची पाने दिवाळीच्या बोनसच्या आठवड्यात आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत भराभर संपत. जूनमध्ये, शाळा-कॉलेजांच्या फीचे दिवस आले की महिनाभरात एक पानही पुरे होत नसे. म्हणजे देणाऱ्यांचा हंगाम आणि गरजेचा हंगाम एकमेकांना गाठत नसत. अन्नछत्रावर बारा महिने भाविकांचा ओघ असतो, तो पन्नास घरांच्या निधीला कुठून मिळणार?

सक्तीचेही प्रकार सारखे नाहीत. इस्लाममधली जकात, म्हणजे धर्माने सांगितलेले दान, श्रद्धावानासाठी बंधनकारक आहे : ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक संपत्ती वर्षभर राहिली तर तिचा अडीच टक्के भाग द्यायचा, पण आपल्याकडे त्याची वसुली सरकार करत नाही, हिशोब ज्याचा त्यानेच करायचा असतो. कंपन्यांवरील बंधन मात्र कायद्याचे आहे. 2013च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. रक्कम निश्चित होते हा त्याचा मोठा गुण. परंतु हाच कायदा कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, त्यामुळे जिथे मोठी कंपनीच नाही तो तालुका मागे राहण्याची भीती असते.

आपल्या जिल्ह्याला सर्वांत जवळचे उदाहरण व्यवसाय कराचे आहे. 1972च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या पिढीला रोजगार हमीचे मोल सांगावे लागत नाही. त्या योजनेला पैसा मिळावा म्हणून महाराष्ट्राने 1975 साली नोकरदार आणि व्यावसायिकांवर हा कर बसवला. पगारातून तो आजही कापला जातो, पण तो कशासाठी सुरू झाला हे तो भरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. सक्तीने पैसा नियमित येतो आणि देणाऱ्याच्या मनातून त्याचे कारण हळूहळू पुसले जाते, हे दोन्ही या एकाच करात दिसते.

तरीही माझा कौल ठरलेल्या वर्गणीकडे आहे, आणि त्याचे कारण हिशोबाच्या पलीकडचे आहे. ऐच्छिक पद्धतीच्या दिवसांत विड्या वळणाऱ्या एक ताई मुलाच्या फीसाठी आल्या, तेव्हा दारातच चप्पल काढून उभ्या राहिल्या आणि धनादेश घेताना देणगीदाराच्या पाया पडल्या. प्रत्येक घराची मासिक वर्गणी ठरल्यानंतर त्याच ताई धाकट्या मुलीसाठी आल्या, या वेळी खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “ह्यात माझेबी पैसे हायेत की, दादा.”

पण आमची एक चूकही झाली. आम्ही सर्वांना सारखीच रक्कम लावली. यंत्रमाग बंद पडल्याने घरी बसलेल्या एका शेजाऱ्याने तीन महिने वर्गणी थकवली, आम्ही थकबाकीदारांची नावे सभेत वाचली, आणि तो पुन्हा सभेला आला नाही. ती यादी मीच तयार केली होती, याची खंत अजून जात नाही. व्यवसाय करालाही उत्पन्नाचे टप्पे आहेत. आम्ही तेवढाही विचार केला नव्हता.

अचानक आलेल्या संकटाचे गणित मात्र वेगळे आहे. पूर, आग किंवा अपघात असेल तेव्हा ठरावाची वाट पाहू नये, झोळी फिरवावी. अशा वेळी लोक भरभरून देतात. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठार उघडले, ही कथा आपण ऐच्छिक दानाची म्हणून सांगतो. पण कोठारातले धान्य बादशाही वसुलीचे होते. आधी नियमाने भरलेले कोठार होते, म्हणून दामाजीपंतांच्या करुणेला उघडायला दार मिळाले.

त्यामुळे फी, औषधे, डायलिसिस अशा तारखा ठरलेल्या गरजांसाठी उत्पन्नाच्या टप्प्यांनुसार लहान मासिक वर्गणी ठेवावी आणि आकस्मिक मदतीचे पावतीपुस्तक वेगळे असावे. ठराव एक वर्षापुरताच करावा, म्हणजे कारण दरवर्षी नव्याने सांगावे लागेल. सवलत कोणाला द्यायची हे दोनच विश्वासू सदस्यांनी पाहावे आणि ती नावे इतिवृत्तात लिहू नयेत.