अ‍ॅनालॉग डिस्कव्हरी 2: यंत्र उत्तम, पण प्रॅक्टिकलचा कागद बदलणार का?

सर्किट्सच्या कोर्ससाठी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात घरी नेता येईल असं एक मोजमापाचं उपकरण द्यायचं ठरलं असेल, तर डिजिलंटचं अ‍ॅनालॉग डिस्कव्हरी 2 डोळे झाकून घ्यावं असं आहे (नव्याने घेणाऱ्याने त्याची पुढची आवृत्ती, डिस्कव्हरी 3). मात्र त्याच्यासोबत जुन्याच प्रॅक्टिकलचे (प्रयोगाच्या सूचनांचे) कागद वाटायचे असतील तर पैसे पाण्यात गेले म्हणून समजा. हे परीक्षण या दोन्ही गोष्टींचं आहे, कारण विद्यार्थ्याच्या पदरात काय पडतं ते दुसरीवरच ठरतं.

आधी यंत्र. तळहातावर मावणारी एक डबी, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला 30 रंगीत वायरींचा झुपका. आत दोन चॅनेलचा 14 बिटांचा ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र), सेकंदाला 10 कोटी सॅम्पल, म्हणजे मोजमापं. दोन चॅनेलचा सिग्नल जनरेटर, उणे 5 ते अधिक 5 व्होल्ट. 16 डिजिटल पिना, 3.3 व्होल्टच्या. आणि एक धन, एक ऋण असे दोन पॉवर सप्लाय, प्रत्येकी 5 व्होल्टपर्यंत. वेव्हफॉर्म्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि डबी न जोडताही त्याचा डेमो मोड उघडता येतो. पहिल्या तासाआधी सगळ्यांना सॉफ्टवेअर टाकून डेमो मोडमध्ये फिरून यायला सांगावं; नाहीतर तो अख्खा तास ड्रायव्हर आणि अ‍ॅडमिन पासवर्डच्या नादात जातो.

सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे डिफरन्शियल इनपुट, म्हणजे कुठल्याही दोन बिंदूंमधलं व्होल्टेज मोजायची सोय. नेहमीच्या बेंच (टेबलावरच्या) ऑसिलोस्कोपला ग्राउंडची क्लिप असते आणि ती अर्थला जोडलेली असते. सर्किटच्या मधल्याच एखाद्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज बघायचं म्हटलं की तिथे क्लिप लावता येत नाही, लावली की शॉर्ट. इथे केशरी वायर रेझिस्टरच्या एका टोकाला आणि केशरी-पांढरी दुसऱ्या टोकाला लावली की झालं. 100 ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घालून डायोडमधला करंट थेट पडद्यावर बघता येतो. दुसऱ्या चॅनेलवर डायोडचं व्होल्टेज घ्यायचं, एक्स-वाय मोड लावायचा, डायोडची वक्ररेषा समोर. ट्रान्झिस्टरच्या कोर्सला एवढ्या एका सोयीनेच किंमत वसूल होते.

पण हीच सोय पुढे महागात पडते. डिस्कव्हरीवर हात बसलेला विद्यार्थी वरच्या वर्षात बेंच ऑसिलोस्कोपसमोर बसला की बिनधास्त मधल्या नोडला (जोडबिंदूला) ग्राउंड क्लिप लावतो. म्हणून शेवटच्या एका प्रयोगात दोन्ही उपकरणं शेजारी ठेवून हा फरक मुद्दाम करून दाखवावा.

आता काय बिघडतं ते. डिस्कव्हरी वापरणाऱ्या बॅचमध्ये मदतीसाठी वर येणाऱ्या हातांपैकी बहुतेकांची कारणं ठरलेली असतात. पहिलं, केशरी-पांढरी वायर मोकळी लोंबकळतेय. डिफरन्शियल इनपुटची ऋण बाजू कुठेच जोडली नाही की पडद्यावर मेन्सची (घरगुती विजेची) गुरगुर आणि सरकणारं रीडिंग दिसतं. ग्राउंडच्या संदर्भात मोजायचं असेल तर ती काळ्या वायरीच्या नोडलाच जोडावी लागते. दुसरं, काळी वायरच सर्किटला नाही. विद्यार्थ्याला वाटतं, दोन्ही टोकं तर लावली, मग ग्राउंड कशाला? पण सिग्नल जनरेटरला एकच पिवळी वायर असते. त्याचा परतीचा रस्ता काळ्या वायरीतूनच जातो.

तिसरं कारण ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डर न करता सर्किट जुळवायची छिद्रांची पाटी. 830 छिद्रांच्या अनेक बोर्डांवर कडेची पॉवरची पट्टी मध्येच तुटलेली असते. वरच्या अर्ध्यात 5 व्होल्ट, खालच्या अर्ध्यात शून्य, आणि ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप) नेमका खाली. लाल-निळ्या रेघेत मध्ये खंड दिसला की दोन छोट्या तारा टाकून पट्टी जोडून घ्यायची. हे किट देतानाच करून घ्यावं, विद्यार्थ्यावर सोडू नये.

पॉवर सप्लायचा मुद्दा मात्र यंत्राचाच दोष म्हणावा लागेल. नुसत्या यूएसबीवर चालवताना प्रत्येक सप्लायमधून 250 मिलिवॅट मिळतात. 5 व्होल्टला हा हिशेब 50 मिलिअँपियरचा होतो. एलईडी, ऑप-अँप, छोटे ट्रान्झिस्टर यांना ते पुरतं. सर्वो मोटर लावली की सप्लाय बंद पडतो, आणि स्वस्तातल्या यूएसबी हबवर असेल तर अख्खं उपकरणच गायब होतं. बाहेरून 5 व्होल्टचा अडॅप्टर जोडला तर मर्यादा प्रत्येकी 2.1 वॅटपर्यंत जाते, तेव्हा मोटरचे प्रयोग असलेल्या कोर्सला अडॅप्टर धरूनच बजेट मांडावं. सिग्नल जनरेटरचंही तेच. 8 ओहमच्या स्पीकरला 1 व्होल्ट द्यायला 125 मिलिअँपियर लागतात; जनरेटरकडून तेवढी अपेक्षा करू नये, मध्ये बफर (जास्त करंट देणारा टप्पा) घालावा.

ऑप-अँप कोणता निवडायचा यावर अर्धा कोर्स तरतो किंवा बुडतो. 741 कित्येक पाठ्यपुस्तकांत आहे म्हणून तोच किटमध्ये टाकण्याचा मोह आवरा. अधिक-उणे 5 व्होल्टवर त्याचं आउटपुट दोन्ही बाजूंना रेलपासून (सप्लायच्या टोकाच्या व्होल्टेजपासून) बरंच आधी अडतं आणि विद्यार्थ्याला वाटतं आपलंच सर्किट चुकलंय. टीएल082 चालतो, पण रेलच्या जवळ तोही जात नाही, आणि इनपुट ऋण रेलकडे सरकलं की आउटपुट अचानक उलटं होतं. ओपी484 सारखा रेल-टू-रेल ऑप-अँप सगळ्यात कमी त्रासाचा. आणि एमसीपी6002 स्वस्त म्हणून घेणाऱ्यांसाठी: तो एकूण 6 व्होल्टपर्यंतच चालतो. अधिक-उणे 5 म्हणजे एकूण 10 व्होल्ट. पहिल्याच दिवशी डझनभर चिप जळतील. अधिक-उणे 2.5 व्होल्टवर तो झकास काम करतो, तेव्हा सप्लायचा आकडा प्रयोगाच्या कागदावर ठळक अक्षरात हवा.

बाकी सुट्या भागांत फार डोकं लावायची गरज नाही. 100 ओहम, 1 किलोओहम, 10 किलोओहम, 100 किलोओहम आणि 1 मेगाओहम असे 1 टक्क्याचे रेझिस्टर प्रत्येकी दहा, 1, 10 आणि 100 नॅनोफॅरडचे कपॅसिटर प्रत्येकी पाच, 1एन4148 डायोड चार, ऑप-अँप दोन, 10 किलोओहमचं एक पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर). पाच पट्ट्यांचे निळे रेझिस्टर वाचताना सगळेच अडखळतात, म्हणून लावण्याआधी मल्टिमीटरने तपासण्याची सवय लावावी. कपॅसिटरवरचं 103 म्हणजे 10 नॅनोफॅरड आणि 104 म्हणजे 100, हे किटच्या झाकणावर चिकटवून टाकावं; फिल्टरचा कटऑफ (ज्या वारंवारतेपाशी तो सिग्नल अडवू लागतो ती) बरोब्बर दहापट चुकला की कारण बहुधा हेच असतं.

नेटवर्क अ‍ॅनालायझर हे सॉफ्टवेअरमधलं सगळ्यात देखणं साधन. 1 किलोओहम आणि 100 नॅनोफॅरडचा लो-पास फिल्टर लावून बटण दाबलं की बोडे प्लॉट (वारंवारतेनुसार सिग्नल किती पार होतो त्याचा आलेख) तयार, कटऑफ 1.59 किलोहर्ट्झला. फक्त पहिला चॅनेल फिल्टरच्या इनपुटला लावायला विसरायचं नाही. संदर्भ म्हणून सॉफ्टवेअर तोच धरतं आणि तो मोकळा असेल तर रेषेच्या जागी गवत उगवतं. सोबतच्या साध्या वायरींवर 10 मेगाहर्ट्झच्या आसपासपर्यंतच भरवसा ठेवावा. त्यावरच्या कामाला बीएनसी अडॅप्टर आणि प्रोब वेगळे घ्यावे लागतात.

रिझोल्यूशनची एक बारीक गोष्ट माहीत नसली की 14 बिट वाया जातात. स्कोपला दोनच खऱ्या रेंज आहेत, 5 व्होल्टची आणि 50 व्होल्टची. उभी मापपट्टी प्रतिघर 0.5 व्होल्ट किंवा त्याखाली ठेवली तर एक पायरी सुमारे 0.3 मिलिव्होल्टची पडते, त्यावर नेली की तीन-साडेतीन मिलिव्होल्टची. 10 मिलिव्होल्टचा सिग्नल मोठ्या रेंजमध्ये बघणाऱ्याला जिना दिसतो आणि तो त्याला नॉइज म्हणतो. तसंच टाइमबेस लांबवला की सॅम्पलिंगचा वेग खाली येतो: 8192 बिंदूंचा मेमरी बफर 10 सेकंदांवर पसरला तर सेकंदाला जेमतेम 819 सॅम्पल, त्यात 1 किलोहर्ट्झची लहर धड दिसणार कशी?

हे सगळं सांभाळलं तरी मूळ प्रश्न उरतोच: विद्यार्थी याने जास्त शिकतात का? नताशा होम्स आणि कार्ल वीमन यांनी 2018 मध्ये तीन संस्थांमधल्या नऊ प्रास्ताविक भौतिकशास्त्र कोर्सचा ताळा मांडला होता. वर्गातला सिद्धान्त पक्का व्हावा म्हणून घेतल्या जाणाऱ्या लॅबचा परीक्षेतल्या गुणांवर मोजता येईल असा परिणाम त्यांना दिसला नाही. दुसरीकडे स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात सरासरी 33.8 टक्के विद्यार्थी नापास, विद्यार्थ्यांना वर्गातच कामाला लावणाऱ्या पद्धतींत 21.8 टक्के. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की किटचं काय करायचं ते कळतं. ओहमचा नियम घरी बसून पुन्हा 'सिद्ध' करायला डबी वाटणं म्हणजे जुनी लॅब नव्या पत्त्यावर नेणं. आधी अंदाज लिहायला लावला, मग मोजायला लावलं आणि तफावतीचं कारण मागितलं, तरच यंत्र कामाला येतं.

एक नमुना. 1 मेगाओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये, वर 5 व्होल्ट. मधल्या नोडला किती? सगळे 2.5 लिहितात आणि ते आकडे तासाआधी जमा करून घ्यायचे. डिस्कव्हरी 1.67 दाखवतं. लगेच कुजबुज सुरू: रेझिस्टर खराब, यंत्र खराब, बाजूच्याचं बघ. मग मल्टिमीटर लावायला सांगायचं. त्याचा अंतर्गत रोध 10 मेगाओहम असेल तर 2.38 येतात. आता तीन आकडे आहेत, सर्किट तेच आहे, आणि एकही उपकरण बिघडलेलं नाही. स्कोपचा स्वतःचा 1 मेगाओहम खालच्या रेझिस्टरला समांतर येतो, त्यामुळे खाली 0.5 मेगाओहमच उरतो, हे गटात वाद घालून विद्यार्थ्यांनीच काढायचं. शेवटचा प्रश्न: तिन्ही आकडे 2.5 च्या एक टक्क्याच्या आत यायला रेझिस्टर किती ठेवाल? 10 किलोओहमच्या जोडीवर फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहतो, आणि हे उत्तर ते मोजूनच आणतात. वीस मिनिटांचं काम, सुटे भाग दोनच, आणि 'लोडिंग इफेक्ट' हा शब्द एकदाही आधी उच्चारायचा नाही.

हा कागद बनवायला वेळ लागतो. दर आठवड्याला असा एक बनवायला शिक्षकाकडे सवड नसेल तर सत्रात चारच बनवावेत, उरलेले प्रयोग सरळ मोजमापाचे ठेवावेत. दहा अर्धवट कागदांपेक्षा ते बरं.

घरून आलेलं रीडिंग खरं कशावरून, ही शंका रास्त आहे. वेव्हफॉर्म्समधून डेटा फाइलमध्ये काढला की सुरुवातीच्या ओळींत उपकरणाचा सिरीयल नंबर आणि तारीख-वेळ येते. वाटप करताना नंबर यादीत नोंदवून ठेवले तर एकाच डबीतून निघालेली पाच जणांची रीडिंग पाच मिनिटांत सापडतात. साध्या मजकुराची फाइल असल्याने ती बदलता येते हे खरं, पण त्यासाठी जेवढे कष्ट लागतात त्याहून कमी कष्टात प्रयोग होतो. दोघांत एक डबी देणं टाळावं. एक जण वायरी लावतो, दुसरा लिहितो, आणि सत्र संपेपर्यंत लिहिणाऱ्याला ब्रेडबोर्डची ओळख होत नाही. सत्राअखेरीस परत घेताना वायरींचा झुपका आधी बघा. डबी क्वचित बिघडते, वायरींच्या टोकाच्या पकडी मात्र सैल होतात, म्हणून सुटे झुपके जास्तीचे मागवून ठेवावेत.

पर्यायांत अ‍ॅनालॉग डिव्हायसेसचं एडीएएलएम2000 जवळचं. स्कोप 12 बिटांचा, बाकी मांडणी बरीचशी सारखी, स्कॉपी हे सॉफ्टवेअरही मोफत. मदतीचं साहित्य आणि सॉफ्टवेअरचा सफाईदारपणा यांत डिस्कव्हरी पुढे आहे. एडीएएलएम2000चंच धाकटं भावंड एडीएएलएम1000 सेकंदाला एक लाख सॅम्पलवर थांबतं आणि 0 ते 5 व्होल्टमध्येच खेळतं, पण 200 मिलिअँपियरपर्यंत करंट देता-घेता आणि मोजता येतो. फक्त डीसी सर्किट्स आणि साधे आरसी प्रयोग असतील तर तेच घ्यावं. डिस्कव्हरी 3 मध्ये यूएसबी-सी आणि सेकंदाला 12.5 कोटी सॅम्पल आहेत. नव्याने खरेदी करणाऱ्याने ते घ्यावं, पण हातातल्या डिस्कव्हरी 2 टाकून द्याव्यात एवढा फरक पहिल्या दोन वर्षांच्या कोर्सला पडत नाही.

पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबला यातलं काहीच घेऊ नये. डिस्कव्हरीचं इनपुट अधिक-उणे 25 व्होल्टपर्यंतचं आहे आणि त्याचं ग्राउंड यूएसबीतून थेट लॅपटॉपला जातं. मेन्सशी संबंध येणारं कुठलंही सर्किट त्याला जोडायचं नाही, ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीकडे (मेन्सच्या बाजूकडे) तर वायर फिरकूही द्यायची नाही.