फोन लॉकरमध्ये, भूक बाहेर: थीम पार्कात पैसे कशाने द्यावेत?

थीम पार्कला जायचं ठरलं की घरात चर्चा होते ती तिकिटांची, किती वाजता निघायचं याची, डबा आत नेऊ देतात का याची. पैसे कशाने द्यायचे हे कोणी विचारत नाही. 'फोन आहे ना,' एवढ्यावर विषय मिटतो. पण वॉटर पार्क असेल तर तो फोन निम्मा दिवस लॉकरमध्ये असतो, आणि भूक नेमकी तेव्हाच लागते. म्हणून सगळ्यात आधुनिक काय हे मी बघत नाही. पैसे द्यायची वेळ येईल तेव्हा हात कोरडे असतील का आणि रेंज असेल का, हे दोनच प्रश्न मी विचारते.

खोपोलीजवळची इमॅजिका २०१३ साली सुरू झाली तेव्हा यूपीआय नव्हतंच, ते २०१६ मध्ये आलं. आज कुठल्याही पार्कात पार्किंगपासून पॉपकॉर्नपर्यंत क्यूआरचे स्टँड असतात. कोरड्या राइड्सच्या भागात, आठवड्यातल्या मधल्या वारी, साधं स्कॅन करून पैसे देण्याला तोड नाही. वेगळं शुल्क नाही, सुट्यांची कटकट नाही, आणि हिशेब आपोआप फोनमध्ये. गडबड होते ती शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात. हजारो माणसं एकाच टॉवरवर रील चढवत असतात आणि आपण समोसे हातात धरून गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत राहतो. क्यूआरच्या व्यवहारात आपल्या फोनला नेट लागतं, आपल्या बँकेचा सर्व्हर जागा लागतो आणि दुकानदाराच्या बँकेचाही. यातलं एक जरी अडखळलं तरी रांग थांबते.

माझ्यासोबत एका पार्कात (नाव घेत नाही) हेच झालं. खात्यातून ३६० रुपये गेले, काउंटरवर मात्र काही नाही. साउंडबॉक्स बोलला असेलही, पण शेजारच्या डीजेपुढे कोणाला ऐकू येणार! मागची रांग कुरकुरायला लागली, मी दुसऱ्यांदा पैसे दिले. पहिले तिसऱ्या दिवशी परत आले. रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासूनचा नियम असा आहे की पैसे कापले गेले आणि दुकानदाराकडे पोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने रोजचे १०० रुपये द्यायचे. नियम चांगला आहे, पण भूक ५ दिवस थांबत नाही.

याच कारणासाठी मी यूपीआय लाइटच्या बाजूची आहे. २०२२ मध्ये आलेली ही सोय बऱ्याच जणांच्या अॅपमध्ये असते, पण चालू केलेली नसते. घरून निघायच्या आधी खात्यातून थोडे पैसे लाइटमध्ये भरायचे. त्यात जास्तीत जास्त ५००० रुपये ठेवता येतात आणि एका वेळी १००० रुपयांपर्यंत पिन न टाकता देता येतात. पैसे फोनमधल्या त्या शिलकीतून जात असल्यामुळे प्रत्येक वडापावासाठी बँकेचं दार ठोठवावं लागत नाही आणि व्यवहार अडकण्याची शक्यता कमी होते. पासबुकातही वीस ओळींऐवजी भरणा केल्याची एकच ओळ दिसते, घरचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे सुख कळेल. नेट मात्र इथेही लागतं. आणि पिन नसल्यामुळे ही शिलक पाकिटातल्या नोटांसारखीच सांभाळायची. अॅपला कुलूप नसेल तर आधी ते लावा.

आता टॅप. खरं 'कॉन्टॅक्टलेस' म्हणायचं तर हेच: कार्ड किंवा फोन मशीनवर टेकवला, बीप, झालं. क्यूआरपेक्षा याचा मोठा फायदा असा की टेकवायच्या क्षणी आपल्या फोनला नेट असावंच लागतं असं नाही. नेट लागतं ते मशीनला, आणि ती पार्कवाल्यांची डोकेदुखी. ५००० रुपयांपर्यंत पिनही लागत नाही. ही मर्यादा आधी २००० होती, १ जानेवारी २०२१ पासून वाढली. मग सगळ्यांनी टॅपच का करू नये? एक तर फोनने टॅप करायला त्यात एनएफसी (टेकवून पैसे देण्याची चिप) हवं, आणि स्वस्त फोनमध्ये ते बहुधा नसतं. आयफोनवाल्यांनी खूश होऊ नये, त्यांची टॅपची सोय, अॅपल पे, भारतात अजून सुरू झालेली नाही. दुसरं, टॅपची मशिनं मोठ्या काउंटरवर आणि रेस्टॉरंटमध्ये सापडतात. मक्याच्या कणसाच्या गाडीवर क्यूआरच चिकटवलेला असतो.

आमच्या भाऊजींचं कार्ड भर दुपारी तीनदा टेकवूनही चाललं नाही. मशीन खराब म्हणून त्यांनी काउंटरवरच्या मुलाला बरंच ऐकवलं. नंतर कळलं, कार्डावर टॅपची सोय बंदच होती. २०२० पासून नव्या कार्डांवर ती आपण स्वतः चालू करावी लागते. बँकेच्या अॅपमध्ये बटण असतं, आदल्या रात्री बघून ठेवा.

पाण्यात मात्र सगळं उलटंपालटं होतं. गळ्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फोन. आतून वाफ धरलेली, कॅमेऱ्याला क्यूआर दिसत नाही. पिशवी उघडावी तर हात ओले, आणि दोन तास पाण्यात राहून बोटं इतकी सुरकुतलेली की फिंगरप्रिंट ओळखत नाही. पिन दाबावा तर पडद्यावरचा थेंब भलताच आकडा दाबतो. हे सगळं अनवाणी, तापलेल्या फरशीवर, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत. इथे लाइट उपयोगाचं नाही आणि फोनचा टॅपही. उपयोगाचं आहे ते नुसतं कार्ड (त्याला ना चार्जिंग, ना फिंगरप्रिंट) किंवा पार्कचा स्वतःचा मनगटी पट्टा.

हा पट्टा काही वॉटर पार्क देतात. आधी पैसे भरायचे, मग मनगट मशीनजवळ नेलं की काम होतं. ओला झाला तरी फरक नाही, मुलांच्या हातात बांधता येतो आणि फोन निवांत लॉकरमध्ये राहतो. सोयीत याला पैकीच्या पैकी. पण हे पैसे फक्त त्या फाटकाच्या आत चालतात, आणि उरलेले परत मिळवण्यातच खरी मेख असते. एका ठिकाणी संध्याकाळी पट्टा परत करायच्या रांगेत आम्ही पाऊण तास उभे होतो. पुढच्या गृहस्थांचे ४० रुपये उरले होते, ते वैतागून सोडून गेले. असे किती ४० रुपये रोज सुटत असतील, याचा हिशेब मी रांगेत उभ्या उभ्या करत होते. म्हणून पट्टा घ्यायच्या आधी दोनच गोष्टी विचारा: उरलेले पैसे पूर्ण परत देता का, आणि रोख देता की खात्यात? उत्तर गुळमुळीत मिळालं तर कमीत कमी रक्कम भरा. लागलीच तर पुन्हा भरता येते.

रोकड? ५०० रुपये सुट्यांसह ठेवा, रिक्षाला आणि फोन मेल्यावर. त्याहून जास्त नको, लॉकरच्या किल्लीइतकीच ओल्या नोटांची चिंता करावी लागते.

सोबत कॉलेजातली मुलं असतील आणि ती दर अर्ध्या तासाने पैसे मागायला येणार असतील, तर यूपीआय सर्कलचा विचार करा. आपल्या खात्यातून त्यांना त्यांच्या फोनवरून पैसे देता येतात. पूर्ण मुभा दिली तरी महिन्याला १५,००० ची मर्यादा असते, किंवा प्रत्येक वेळी तुमची मंजुरी लागेल असंही ठेवता येतं. हा दुसरा प्रकार पार्कात घेऊ नका. मुलगा काउंटरवर आणि तुम्ही रोलरकोस्टरवर उलटे लटकलेले, मंजुरी कोण देणार? परदेशातून सुट्टीला आलेले आपले लोकही फार अडत नाहीत. अमेरिका, ब्रिटन, आखातातले काही देश धरून ठरावीक देशांतल्या नंबरवर एनआरई किंवा एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथलं) खातं यूपीआयला जोडता येतं. फक्त ते विमानतळावरून थेट पार्कात येऊन नव्हे, घरी बसून आधी करायचं काम आहे.

आमच्या घरी आता वाटणी ठरलेली आहे. कोरड्या भागात माझ्या फोनवर लाइट, १५०० रुपये भरलेले. यांच्या खिशात टॅप चालू केलेलं एक कार्ड, मोठ्या जेवणासाठी आणि पाण्यातल्या वेळेसाठी. पट्टा नाइलाजानेच, म्हणजे पाण्याच्या भागात दुसरं काही चालतच नसेल तर. आणि घेतलाच, तर चार वाजता शेवटचा चहा पिऊन तेव्हाच परत करून टाकतो. पाच वाजता सगळं पार्क त्या खिडकीपुढे असतं.